कशेळीला माणूस नाही

आमच्या वळ गावाला रेल्वे स्टेशन नाही. कशेळीलाही नाही. तिथे आता मेट्रोचे खांब उभे राहिलेत, ते वेगळं. पण चौबळांनी दोन्ही गावांना स्टेशनं दिली होती. वळ दाराजवळ, कशेळी खिडकीखाली, मधे खाडी, खाडीवर पूल आणि पुलावरून एकच लाइन. हे सगळं आमच्या गाळ्यामागच्या खोलीत, टेबलावर. टेबल म्हणजे जवळजवळ अख्खी खोलीच. भिंतीला पाठ घासत आडवं सरकावं लागायचं.

म्हातारा आगगाडी खेळतो, असं गावात म्हणत. मीही म्हणत असे. पण खेळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते ड्युटी करत.

चौबळ भिवंडीच्या जुन्या वस्तीतले. घरात बापजाद्यांपासून कारकुनी. आमच्या भातशेतीवर पहिले गाळे उठले तेव्हा एक ट्रान्सपोर्टवाला भाड्याने आला, त्याच्याकडे हे बिल्टी लिहायला होते. माल कोणता, कुठे जायचा, ते लिहायचं आणि कागद ट्रक ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. जन्मभर त्यांनी ट्रक रवाना केले आणि ट्रकचा त्यांना तिटकारा होता. हॉर्न वाजला की, जेवताना शेजारी कुणी शिंकावं तसं तोंड करायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "घाई असेल तर ट्रकने पाठवा." बिल मागायला आलेल्यालाही तेच, आणि पोरीचं लग्न जमत नाही म्हणून रडणाऱ्यालाही तेच.

उंच, काटकुळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोही पॅंटीत खोचलेला. खिशाला पेनाऐवजी चिमटा असायचा, बायका भुवया कोरतात तसला. बायको लवकर वारली. मुलगी नागपूरला. ती फोन करायची तेव्हा हे उभे राहून बोलायचे. "हो. जेवलो. बरं." झालं बोलणं.

ट्रान्सपोर्टवाला नाक्याकडे मोठ्या जागेत गेला आणि चौबळांना घरी बसवलं. तेव्हा ते माझ्या मुलाकडे, महेशकडे आले. मागची ऑफिसची खोली रिकामीच आहे तर मला द्या म्हणाले. महेशला वाटलं, मुलांच्या शिकवण्या घेतील. त्याने दिली. मग प्लायवूडच्या फळ्या आल्या, लोखंडी अँगल आले, प्लास्टरची पोती आली. शिकायला मात्र कुणी आलं नाही.

मी बघायला गेले ती चौकशी म्हणून. माझ्या जागेत कोण काय करतं ते मला कळायला पाहिजे. खोलीत शिरले तर चौबळ खाली बसून क्रशरची बारीक कच चहाच्या गाळणीने गाळत होते.

"हे काय?"

"खडी. रुळाखाली टाकायची."

"रूळ कुठंय?"

"यायचेत," म्हणाले आणि गाळत राहिले. पाहुण्याला बसा म्हणण्याची रीत त्यांना नव्हती. बसायला जागाही नव्हती.

मग त्यांनीच विचारलं, "ताई, तुमचं माहेर कुठलं?"

"कशेळी. का हो?"

पुढे एकदा गेले तर खिडकीखाली पिवळी पाटी उभी, करंगळीच्या नखाएवढी. तिच्यावर कशेळी लिहिलेलं. मी चौथी पास आहे, तेवढं मला वाचता येतं. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

इंजिन त्यांनी बाहेर देशातून मागवलेलं. डबे मात्र स्वतः करायचे, कारण आपल्याकडचे डबे तसे विकत मिळत नाहीत म्हणे. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून भिंती कापायच्या, खिडक्या कोरायच्या, खिडक्यांना ब्रशच्या केसांचे गज लावायचे. आत बाकडी. बाकड्यावर छताला पंखे. ते पंखे छत बसवल्यावर कुणाला दिसणार नाहीत. मी म्हटलं, "मंग लावले कशाला?" तर म्हणाले, "आत गरम होईल." हसले नाहीत. त्यांचं हे कळायचं नाही, गंमत करतात की खरंच.

झाडं लूमवरच्या सुताच्या कचऱ्याची. भिवंडीत तो कचरा गटारात वाहतो, हे पिशवी भरून आणत आणि रंगवून तारांवर चिकटवत. लांबून अगदी बाभूळ वाटायची.

डबा पूर्ण झाला, चकचकीत रंगवला, की तो घाण करायला बसायचे. खिडकीखाली गंज, छतावर धूळ, दारात चिखल.

"एवढा नवा डबा, त्याची अशी दशा कशाला करता?"

"स्वच्छ डबा खोटा दिसतो ताई."

एकदा असेच टाचणीच्या टोकाने खिडकीखाली ठिपके देत होते. पानाची पिचकारी चालली होती. मला दाखवून म्हणाले, "जमलीये ना?"

मी वाकून पाहिलं. "भाऊ, ही कुणी मारली? म्हशीनं? हिरवी हाय."

त्यांचा हात थांबला. बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. मग म्हणाले, "ह्यातली लाल कुठली ते दाखवा." मी दाखवली. त्यांनी तिच्यावर कागद चिकटवला, लाल असं लिहिलं आणि मग सगळ्याच बाटल्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या.

तेव्हा कळलं. तरुणपणी रेल्वेची परीक्षा पास झाले होते. डोळे तपासताना नापास केलं. "ठिपक्यांचा कागद पुढे धरतात," म्हणाले. "त्यात आकडा दिसतो म्हणे. मला ठिपकेच दिसले." रागाने नाही, दुःखाने नाही, बिल्टीवर माल लिहावा तसं सांगितलं. मग पिचकारी पुसली आणि लाल मारली. त्यांचे सिग्नल जुन्या पद्धतीचे का होते तेही मला तेव्हाच उमगलं. दिवे नव्हते. खांबाला हात होता, वर किंवा खाली. हाताला रंग लागत नाही.

प्लॅटफॉर्मवर बाकडं होतं, नळ होता, झोपलेला कुत्रा होता. माणूस एक नव्हता. मी विचारलं, "माणसं करायची ऱ्हायली का?"

"नाही. आत्ताच गाडी गेली ना," म्हणाले.

वाईट फक्त एक झालं. ते सगळं त्यांनी एकसंध बांधलं. फळ्या दारातून एकेक आत आल्या, आत आल्यावर एकमेकींना कायमच्या जोडल्या, वरून प्लास्टर ओतलं. दार तेवढंच राहिलं. माझ्या माहेरी खाडीकाठी होड्या बांधायचे, त्यामुळे माझ्या लगेच ध्यानात आलं.

"भाऊ, होडी घरात बांधलीत. आता खाडीत कशी न्याल?"

"न्यायची कशाला? ती इथेच असणार."

"आनि इथून उठायची पाळी आली तर?"

"जोड ठेवला की रुळाला सांधा येतो. सांध्यावर गाडी अडखळते." एवढंच. माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण त्यांना दुसरं द्यायचं नव्हतं.

आता लाइनचं सांगते. लाइन एकच, तेव्हा एका वेळी एकच गाडी. त्यासाठी एक गोळा होता. खऱ्या रेल्वेत मोठा असतो, यांचा म्हणजे ट्रकच्या बेअरिंगमधला छर्रा. गोळा ज्या गाडीपाशी, तिचीच लाइन. आणि गोळा असला तरी पुढच्या स्टेशनने 'या' म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही. वळहून घंटा वाजवायची, कशेळीहून उलट घंटा आली की सोडायची.

मी दारात उभी राहून बघत असे. चौबळ वळला घंटा वाजवत. मग भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून, टेबलाला वळसा घालून खिडकीशी जात. लाइन मोकळी आहे का बघत. कशेळीची घंटा वाजवत. परत तसेच सरकत वळला येत आणि गाडी सोडत. गाडी पूल ओलांडी तोवर पुन्हा पलीकडे, तिला घ्यायला. गुडघे कुरकुरताना मला दारापर्यंत ऐकू यायचे.

"अहो, इथूनच हात लांब करा की. कोण बघतंय?"

"पलीकडे माणूस नसेल तर गाडी सोडता येत नाही."

"पलीकडं पन तुमीच हाव ना?"

"म्हणून तर जावं लागतं."

हे मला सहन होईना. दया वगैरे काही नाही, माणूस उगाच फेऱ्या मारतो ते बघवत नाही. मी आत सरकले आणि खिडकीशी स्टूलवर बसले. "वाजवा," म्हटलं.

तेव्हापासून कशेळी माझी. घरी सून, नातवंडं, सगळी आपापल्या मोबाइलात. शेत राहिलं नव्हतं, गुरं विकली होती. मला गाडीचं वेड होतं असं नाही. स्टूल होतं, पंखा होता, खिडकीला वारा होता. घंटा आली की मी वाकून रूळ बघायची, मग उलट वाजवायची. गाडी यायची. इंजिनामागच्या उघड्या डब्यातून छर्रा काढून मी वाटीत ठेवायची. दुपारच्या दुपारी आम्ही दुसरं काही बोलत नसू. एकदा धावत्या गाडीला गोळा कसा देतात ते त्यांनी मला दाखवलं. ड्रायव्हर खिडकीतून हात काढतो, कोपरात वाकवलेला, आणि स्टेशनवरचा माणूस गोळा अडकवलेलं कडं त्या हातात टाकतो. चौबळ हात वाकवून खोलीभर सरकत गेले आणि मी माझ्या जुन्या चाळणीचं कडं त्यांच्या हातात अडकवलं. पहिल्यांदा चुकलं, नाकाला लागलं. "गाडी पुढच्या स्टेशनवर गेली हो ताई," म्हणाले, नाक चोळत.

मग जमिनीचा व्यवहार झाला. एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला सगळे गाळे पाडून एकच भलंमोठं गोडाऊन बांधायचं होतं. महेशने सही केली. मीही केली. दिवाळीनंतर खोली पडणार हे चौबळांना मीच सांगितलं, आडवळणाने सांगायची मला सवय नाही. ते म्हणाले, "बरं." आणि टेबलावर हात ठेवून उभे राहिले. ते टेबल दारातून जाणार नव्हतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

भिंत पाडते म्हटलं मी, नाहीतरी पडणारच आहे. पण बाहेर काढून ठेवायचं कुठे? त्यांची एका खोलीची जागा. आमच्या गोठ्यात अर्धंच मावलं असतं.

इथे महेशने एक चांगलं काम केलं. कंपनीचा एक तरुण साहेब जागा बघायला यायचा, त्याला त्याने या गाडीचं सांगितलं. साहेब म्हणाला, चालू असेल तर आमच्या नव्या ऑफिसात खाली काचेत ठेवू, अख्खीच्या अख्खी, येणारे-जाणारे बघतील. चौबळांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ते बोलता बोलता खाली बसले.

साहेब अचानक आला तो नेमका मी वडप्याला भाचीच्या हळदीला गेले होते त्या दिवशी. मी दुसऱ्या दिवशी परतले. अंगाला हळद, डोकं डीजेने भणाणलेलं, आणि महेश दारातच.

"आये, तो तुझा चौबळ येडा हाय."

"काय झालं?"

"सायेब बोलला, चलाके दिखाओ अंकल. हे बोलतात, आज चालनार नाय, कशेळीला माणूस नाही. सायेब खिडकीतून भाइर बघाया लागला, कशेळी कुठं ते! मी बोललो, भाऊ, तुमीच जा पलीकडं, दाबा बटन. तर बोलतात, तिथे आता माणूस नेमलाय. माणूस रजेवर असला की स्टेशन बंद."

"मंग?"

"मंग काय? सायेब बोलला, दो मिनिट का काम है. तर त्याला बोलले..."

"घाई असेल तर ट्रकने पाठवा."

"त्येच! ट्रान्सपोर्टच्या सायबाला!" महेशला हसावं की रडावं कळेना. साहेब मात्र हसला, घड्याळ बघितलं आणि निघाला. नंतर महेशने फोन केले. ऑफिसातल्या त्या जागेवर झाडांच्या कुंड्या ठेवायचं ठरलं होतं.

मी हळदीच्या लुगड्यातच खोलीवर गेले. चौबळ डबा पुसत होते.

"अक्कल हाय का तुमाला? जन्मभर ज्याच्यासाठी मेलात ते वाचलं असतं. दोन पावलं सरकायचं. आधी रोज सरकत नव्हता?"

"सरकत होतो."

"मंग काल काय झालं?"

डबा रुळावर ठेवला, चाकं बसली का ते बघितलं. मग म्हणाले, "काल तुमच्याशिवाय चालवली असती, तर उद्यापासून तुम्ही कशाला आला असता?"

मी शिव्या घालत घरी आले. रस्त्यात दोनदा थांबले, दम लागला म्हणून.

शेवटी ठाण्याहून दोन जण आले. यांच्यासारखेच गाडीवेडे, पण पगारदार, चांगल्या बुटांतले. सगळं वाकून वाकून बघितलं. त्यातला एक डब्याला डोळा लावून म्हणाला, "आत पंखे आहेत!" चौबळांचे कान लाल झाले. तो रंग त्यांना दिसला नसता, मला दिसला.

मग दुसऱ्याने मापाची टेप लावली. "काका, हे तुकड्यांत बांधायचं असतं. दारातून जातील एवढे. हे तर पहिल्यांदा शिकवतात."

"माहीत होतं," चौबळ म्हणाले.

ठाण्याला त्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये वळच्या बाजूपुरती जागा होती. कशेळीला नव्हती.

कापायच्या दिवशी चौबळ दाढी करून आले. आम्ही आपापल्या जागी बसलो. ठाण्याचे दोघे दारात उभे. वळहून घंटा आली. मी रूळ बघितला. पुलावर मुंगी होती, ती बाजूला केली, मग उलट वाजवली. गाडी आली, नेहमीसारखीच. कुठे अडखळली नाही. मी छर्रा काढून घेतला.

"ताई, आता ब्लॉक द्या. काम आहे लाइनवर," ते म्हणाले.

"दिला."

रूळ त्यांनी स्वतः कापले, पुलाच्या अलीकडे, बारीक करवतीने. जळकं पातेलं तारेने घासावं तसा आवाज. फळी आणि प्लास्टर त्या दोघांनी कापलं. वळ स्टेशन दारातून आडवं होऊन बाहेर गेलं, बाकडं, नळ, कुत्र्यासकट. जाता जाता एकाने विचारलं, "काका, इंजिन आणि डबे?"

"ते कशेळीला आहेत," चौबळ म्हणाले. "तिथलं मला विचारू नका."

कशेळीचा तुकडा मी गाळ्यांच्या वॉचमनला उचलायला लावून गोठ्यात नेऊन ठेवला. पूलही माझ्याकडेच आला. पूल संपतो तिथे रूळ हवेत आहेत, खाली शेणाची जुनी जमीन. सून म्हणते, पाली होतील. झाल्या आहेत.

त्यानंतर चौबळांना भिवंडीत काही काम उरलं नाही. मुलगी नागपूरहून गाडी घेऊन आली, चांगली पोर, माझ्या पाया पडली. "बाबा तुमच्याबद्दल कधी काही बोलले नाहीत," म्हणाली. मला त्याचं नवल वाटलं नाही.

जायच्या दिवशी गाडी आमच्या घरापुढे थांबवली. चौबळ उतरले नाहीत. गोठ्याकडे बघितलं. "पत्रा गळत नाही ना?" विचारलं.

"न्हाय."

"बरं."

गाडी हलली. तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, कोपरात वाकवलेला, तळवा वर. मुलीला वाटलं असेल टाटा करतात. मला कळलं. छर्रा माझ्या कनवटीला होता, तेव्हा असायचाच. काढायला वेळही होता, पुढे ट्रक आडवा आल्याने गाडी रखडत होती.

मी काढला नाही. त्यांनीच शिकवलं होतं. वळला आता माणूस नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बरोबर आहे अशी. हात मात्र आत घेतला नाही. नाक्यावरच्या ट्रकांच्या गर्दीत गाडी शिरली तरी तो तसाच बाहेर होता, वाकवलेला.